सासिमा, द्वारका चौक

एकतीस विरुद्ध नऊ.
नवांतली एक माझी बायको,
आणि एक कमलाकर उघडे, ज्यांना ऐकू येत नाही,
ज्यांनी बहुधा पंखा लावा म्हणून हात वर केला.

शरणपूर रोडवरून आमचं सामान निघालं
एका छोट्या हत्तीत.
दोन कपाटं, पेटी, पुस्तकांची सात खोकी,
आणि माझा पांढरा झगा. इस्त्री मोडू नये म्हणून
बायकोने तो मांडीवर घेतला होता,
तान्ह्या पोरासारखा.

आता मी बब्बूशेठच्या टायरच्या दुकानात हिशेब लिहितो.
वर पूल, खाली धूळ.
एक रस्ता मुंबईला, एक धुळ्याकडे, एक पुण्याला.
मी तिन्हींच्या मधे, स्टुलावर.

सोळाशे वर्षांपूर्वी कप्पदुकियात एक माणूस होता.
त्याच्याही वाट्याला असंच गाव आलं, सासिमा:
तीन वाटा, गाड्यांचा खडखडाट, पाण्याच्या नावाने शंख.
जिवलग मित्रानेच त्याला तिथला बिशप केलं,
कारण मित्राला हद्दीच्या भांडणात एक प्यादं हवं होतं.
हा टिकला नाही. पळाला.
मी दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही मिळाला.
पुढे राजधानीत, एका घरात मूठभर मंडळी जमवली,
तर ईस्टरच्या रात्री दगड आले.
ज्याची भर सभेत तारीफ केली
त्यानेच अंधारात गादी पळवायचा घाट घातला.
मग गादी खरंच मिळाली, परिषद, अध्यक्षपद,
आणि त्याच उन्हाळ्यात राजीनामा.

सेमिनरीत त्याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा.
मी त्रैक्यावर लिहायचो.
राजीनाम्यावर कधीच नाही.

ह्या उपवासकाळात माझा आवाज बसला.
त्यानेही एका वर्षी सगळा उपवासकाळ तोंड मिटून काढला होता.
त्याचं व्रत होतं, माझा जळक्या रबराचा धूर.
बब्बूशेठला नवव्या दिवशी कळलं.
म्हणाले, "बरं झालं पाळकसाहेब,
उधारी मागताना तुम्ही फार माफी मागता."

संध्याकाळी रईस ट्यूब पाण्यात बुडवतो.
पोरगं सोळाचं, नखं कायमची काळी.
ट्यूब फिरवत राहतो, हळू, कान देऊन,
आणि थांबतो.
बुडबुडे.
"हे काय, इथंय!"
दिवसातून वीसदा म्हणतो
आणि वीसदा खूश होतो,
भोक सापडलं म्हणून.

तीस वर्षं मी वेदीपाशी फुगून उभा होतो.
कुणी मला असं पाण्यात धरलं नाही,
म्हटलं नाही, थांबा, श्वास इथून निसटतोय,
ठेवा बोट.

म्हातारपणी तो माणूस आपल्या गावी गेला
आणि बागेत बसून तक्रारी लिहिल्या. छंदात.
त्याला संत म्हणतात ह्याचं
पूर्वी मला नवल वाटत नसे.
आता वाटतं, आणि जरा बरंही.

परवा शनिवारी सॅम्युएल रणभिसे आला,
ज्याने त्या दिवशी हात मोजले होते.
मोटरसायकल ढकलत, घामाघूम, मागचं चाक बसलेलं.
मला बघून मागे फिरला असता,
पण पंक्चर चाकाला फिरता कुठे येतं.
मला आवाज नव्हता. मी स्टूल पुढे केलं.
तो बसला नाही.

रईसने ट्यूब बुडवली.
आम्ही तिघेही टबावर वाकलो,
तिघांच्याही माना खाली,
आणि बराच वेळ काहीच वर येईना.
पुलावरून ट्रक जात होते.
सॅम्युएल पुटपुटला, "लहानशीच असेल."

दोन निघाली.
ऐंशी रुपये.
मी पावती लिहून दिली.